मारियोचं आकाश

जुना गेम एम्युलेटरवर लावला की डोळ्यात भरतात त्या चौकटी. धारदार, एकेक मोजता येतील अशा. पुष्कळांना वाटतं, हेच गेमचं मूळ रूप आणि जुन्या टीव्हीसारखं दाखवणारा फिल्टर म्हणजे वरून चढवलेला मुलामा. मला हे अजिबात मान्य नाही. निन्टेन्डोच्या ज्या यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून आपल्याकडे घराघरांत आल्या, त्यातली चित्र काढणारी चिप लाल-हिरवा-निळा असा हिशेब ठेवतच नाही. ती थेट टीव्हीचा सिग्नल तयार करते. रंग ठरतो तो लहरीच्या फेजवरून: बारा छटा, दोन छटांमध्ये ३० अंशांचं अंतर. त्या सिग्नलमधून निळा म्हणजे नेमका कुठला निळा, हे टीव्ही ठरवायचा. त्यामुळे एम्युलेटरमधला प्रत्येक पॅलेट हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. ‘सुपर मारियो’चं आकाश एकीकडे जांभळट आणि दुसरीकडे स्वच्छ निळं दिसतं ते त्यामुळेच.

मग हा निर्णय वसईत बसून आपणच का घेऊ नये? मी पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करत मोठा झालो आणि आता रात्री शेडरचे, म्हणजे अशा फिल्टरचे, आकडे खालीवर करत बसतो. टेबलावर पडताळणीसाठी ओनिडाचा एक जुना सेट ठेवलाय. (त्या कंपनीचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, वाडा तालुक्यात कुडूसला.) बाजूला एलसीडी. डोळा एकदा इकडे, एकदा तिकडे.

या कामात सगळ्यात मोठा आधार शे ग्रीन यांच्या फिल्टरचा. ते ‘ब्लार्ग’ या नावाने ओळखले जातात. ह्यू, सॅच्युरेशन, शार्पनेस, ब्लीड, फ्रिंजिंग, आर्टिफॅक्ट्स – प्रत्येकाला वेगळी पट्टी, आणि प्रत्येक पट्टीमागे सिग्नलचं खरं गणित. पण त्या फिल्टरमधला टीव्ही एनटीएससीचा, म्हणजे अमेरिका-जपानचा. आपल्याकडे १९८२ साली रंग आला तो पाल पद्धतीने. पालमध्ये रंगाच्या सिग्नलचा एक भाग ओळीआड उलटा येतो. सेटमधली डिले लाइन आधीच्या ओळीचा रंग ६४ मायक्रोसेकंद थोपवून धरते आणि दोन ओळींच्या रंगांची सरासरी काढते. फेजची चूक तिथल्या तिथे कापली जाते. म्हणून आपल्या टीव्हीवर ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि कलर एवढीच बटणं. पालच्या चित्राला टिंटचं, म्हणजे ह्यूचं, बटण लागतच नसे. तेव्हा मी ह्यूच्या पट्टीला हात लावत नाही. रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पालचे शेडर आहेत, त्यांतला एक घेतो. रंग आडवा तर पसरतोच, वरच्या ओळीतून खालच्या ओळीतही थोडा उतरतो. मारियोच्या टोपीखाली लालसर छटा जराशी रेंगाळते, आणि मला ती हवीच असते.

आकाराबद्दल तर कुणी बोलतच नाही. पाल टीव्हीवर दिसणाऱ्या ओळी सुमारे २८८, गेमच्या फक्त २४०. म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या असायच्या आणि मधलं चित्र बसकं. ‘मेसेन’ नावाच्या एम्युलेटरमध्ये पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण पालसाठी ११:८ आणि एनटीएससीसाठी ८:७ असं निवडता येतं. छोटा मारियो १२ पिक्सेल रुंद, १६ उंच. ८:७ ला तो सडपातळ दिसतो. ११:८ ला त्याची रुंदी साडेसोळा होते, म्हणजे जवळपास उंचीएवढीच. आपण खेळलो तो हा दुसरा, गुटगुटीत मारियो. नालासोपाऱ्याच्या एका मुलाला दोन्ही दाखवले तर तो लगेच म्हणाला, “दादा, हा आपला.”

स्कॅनलाइन्सच्या बाबतीत मी जरा कडक आहे. काळ्याकुट्ट आडव्या रेघा हा अलीकडचा शौक. घरातल्या टीव्हीवर उजळ भागात किरण फुगायचा आणि मधली फट भरून काढायचा. काळोख्या भागातच ती थोडी जाणवायची. म्हणून स्कॅनलाइनचा जोर कमी ठेवायचा आणि उजेडाप्रमाणे ओळ जाड होऊ द्यायची. इथे पडद्याची मर्यादा आड येते. १०८० ओळींत २४० साडेचार वेळा बसतात, हा अर्धा सगळी घडी विस्कटतो. चारपट घेतलं तर ट्यूबची जाळी दाखवायला जागा उरत नाही. फोर-के पडद्यावर मात्र बरोबर नऊपट.

पडद्यावरच्या मुंग्या मात्र मी कधीच घालत नाही. त्या घालवण्यासाठी तर चॅनलची चकती केसाकेसाने फिरवत बसायचो.

कृष्णधवल सेटचं काम सगळ्यात नाजूक. सॅच्युरेशन शून्यावर नेलं की झालं, असं वाटतं. पण त्या चिपमध्ये एकाच पातळीवरच्या निळ्या आणि लाल रंगाची उजळता मुळात सारखीच असते. हाताने जुळवलेल्या पॅलेटमध्ये ती बदललेली असते. म्हणून करडा रंग सिग्नलमधूनच काढावा लागतो. ब्लार्गचं मोनोक्रोम तेच करतं. शिवाय रंगाची लहर कृष्णधवल पडद्यावर बारीक ठिपक्यांसारखी दिसायची, तेवढे ठिपके राहू द्यायचे. विरारच्या दोन भावांसाठी असं सेटिंग केलं. ‘कॉन्ट्रा’तला एक निळ्या पँटमधला, दुसरा लाल, इथे दोघेही करडे. पहिल्याच उडीला धाकटा ओरडला, “अरे, मी कुठला?” मी रंग परत देऊ का विचारलं, तर थोरला म्हणाला, “नको, हेच सेव्ह कर.”