वस्तुस्थितीच बोलते

मराठी साहित्यातील सैनिक फारसा बोलत नाही. पोवाड्यात तो लढतो, कथेत त्याचे पत्र येते, कादंबरीत त्याची वाट पाहिली जाते. पण तो आजारी पडला, चुकीच्या उपचाराने अधू झाला, असे चित्र आपल्याकडे क्वचितच आढळते. जखम रणांगणावर झाली तर तिला आपल्या भाषेत जागा आहे; शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाली तर तिला शब्दच सापडत नाही. अर्थात हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही.

नागरी रुग्णाला एक साधे स्वातंत्र्य असते. डॉक्टर पटला नाही तर तो दुसऱ्याकडे जातो. सैनिकाला ते सहजी नसते. त्याचे रुग्णालय ठरलेले, आणि त्याला तपासणारा डॉक्टर बहुधा हुद्द्याने वरिष्ठ. तिथे सल्ला कुठे संपतो आणि हुकूम कुठे सुरू होतो हे सांगणे कठीण. शिवाय सैन्य अधिनियम १९५० च्या कलम ४६ प्रमाणे आजाराचे सोंग करणे हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिस्तीसाठी अशी तरतूद असावीही. परंतु तिच्या छायेत 'अजून दुखते आहे' हे साधे वाक्य उच्चारायलाही धैर्य लागते. कलम २६ ने जवानाला गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे, तोही अधिकाऱ्यांच्या त्याच शिडीने वर जाणारा.

मग सैनिकाला हक्कच नाहीत काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला, हे खरे. पण सैन्य अधिनियमाचे कलम २१ नीट वाचावे. त्यात संघटना, सभा आणि वृत्तपत्रांशी संपर्क यांवरील निर्बंधांचा उल्लेख आहे. सदोष उपचारांविरुद्ध दाद मागण्यावरील निर्बंधाचा नाही. मौन सैनिकाच्या सवयीत आहे. कायद्याने ते इतके सर्वव्यापी केलेले नाही.

अमेरिकेत मात्र न्यायालयानेच दार लावून घेतले. १९५० साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र आलेल्या तीन प्रकरणांपैकी एकात, लष्करात असताना शस्त्रक्रिया झालेल्या सैनिकाच्या पोटातून सुमारे आठ महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत तीस इंच लांब आणि अठरा इंच रुंद टॉवेल निघाला. त्यावर लष्कराच्या वैद्यकीय विभागाचे नाव छापलेले होते. याहून बोलका पुरावा कोणता असेल? तरीही न्यायालयाने ठरवले की सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावता येणार नाही. 'फेरेस' या नावाने ओळखला जाणारा तो सिद्धान्त आजही टिकून आहे. डिसेंबर २०१९ मधील कायद्याने लष्करी रुग्णालयातील हलगर्जीबद्दल संरक्षण खात्याकडेच भरपाई मागण्याची सोय झाली. न्यायालयाचे दार तेवढ्याने उघडले नाही.

आपल्याकडील प्रसंग वेगळ्या वळणाने गेला. संसदेवरील हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'साठी सैन्य सीमेवर गेले होते. जुलै २००२ मध्ये वायुसेनेतील एका तरुण जवानाला जम्मूतील सांबा येथील लष्करी रुग्णालयात रक्ताची एक पिशवी चढवण्यात आली. २०१४ साली तो पुन्हा आजारी पडला आणि त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघड झाले. २०१४ आणि २०१५ मधील वैद्यकीय मंडळांनी या बाधेचा संबंध त्या रक्ताशी जोडला. २०१६ मध्ये तो सेवेतून बाहेर पडला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याची तक्रार फेटाळली, कारण हलगर्जी सिद्ध करणारे तज्ज्ञाचे मत त्याने दिले नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, वायुसेना आणि भूसेना यांना जबाबदार धरले आणि १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपयांची भरपाई देवविली.

या निकालात न्यायालयाने एका जुन्या लॅटिन तत्त्वाचा आधार घेतला. त्याचा मराठीत अर्थ होतो : वस्तुस्थितीच बोलते. एरवी जे घडले नसते ते घडले आणि सारी सूत्रे एकाच पक्षाच्या हाती होती, तर खुलासा त्या पक्षाने करायचा. भाषेच्या शिक्षकांना हे वाक्य मोहवणारच. ज्याने सारे आयुष्य बोलायचे नाही असे शिकून काढले, त्याच्या वतीने अखेर रक्ताची एक पिशवी बोलली.

आम्ही महाविद्यालयात व्यावहारिक मराठी शिकवतो. त्यामुळे कोणाचे कोणाचे अर्ज तपासायला येतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील, निवृत्त हवालदार, कागदांची पिशवी घेऊन आले. गुडघ्यावरील शस्त्रक्रियेनंतर पाय कायमचा आखडला होता आणि दुखणे सांगितले की 'व्यायाम कर' एवढेच उत्तर मिळत गेले होते. वैद्यकीय मंडळाच्या इंग्रजी शेऱ्याचा अर्थ आम्ही त्यांना सांगितला : विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, भरती झालो तेव्हा पाच मैल पळालो होतो. मग हा पाय आणला कुठून?"

हेच म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात, १९८२ च्या नियमांच्या आधारे, कायद्याच्या भाषेत मांडले होते : भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असे धरावे, आणि नंतरची हानी सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. (सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू आहेत.) हवालदारांचा अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे गेला. त्यांनी लिहून आणलेल्या कच्च्या मसुद्याचे पहिलेच वाक्य होते : 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

आम्ही ते वाक्य खोडू लागलो तर त्यांनी हात धरला. ज्या पलटणीत वीस वर्षे काढली तिच्याविरुद्ध जाणे त्यांना अपमानास्पद वाटत होते. त्यांना फक्त कागदावरची नोंद खरी हवी होती. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकीचे अर्धांगवायू पुनर्वसन केंद्र यांनी कितीएक जवानांना उभे केले, हे तेही अभिमानाने सांगत. चांगल्या उपचाराची आठवण आणि वाईट उपचाराचे गाऱ्हाणे एकाच माणसात सुखेनैव नांदू शकतात. गाऱ्हाणे मांडणारा जवान बेइमान ठरत नाही.

ते वाक्य आम्ही तसेच राहू दिले. त्याच्याखाली फक्त तारखा लिहिल्या : भरतीची, शस्त्रक्रियेची, पहिल्यांदा दुखणे सांगितल्याची, मंडळाची. एकीखाली एक, कसलेही विशेषण न लावता.