पायडल नसलेली लूना

१९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकची लूना आली. इंजिन अवघे ५० सीसीचे. वेळप्रसंगी पायडल मारावे! आमचे अण्णा इंदापुरास मास्तर. दर शनिवारी लूनेवरून बारामतीस घरी येत. समोरून वारा असला की तिला पायांची मदत करीत.

२०२४ मध्ये लूना विजेवर अवतरली. यंदा ती घेतली आणि अण्णांना मागे बसवून मोरोपंतांच्या बारामतीहून त्यांच्या जुन्या शाळेकडे निघालो. भवानीनगर, लासुर्णे मागे पडले. इंजिनाची फटफट नाही. उसाची सळसळ तेवढी ऐकू येई. निमगाव केतकीजवळ वारा अंगावर आला, तशी मागे पायांची चुळबुळ जाणवली.

“अण्णा, अवघडलात का?”

“छे रे! पायडल शोधत होतो.”

इंदापूर येईपर्यंत मी वेग वाढवला नाही.