नोकरी लागली, पुढे काय?

वार्षिकासाठी लेख द्यावा, अशी संपादक-मंडळाची आज्ञा दरवर्षी होते आणि दरवर्षी आम्ही एखादा उपदेशपर विषय निवडून ती शिरसावंद्य मानतो. उपदेश करणे हा आमच्या व्यवसायाचाच एक भाग असल्यामुळे त्यास फारसे श्रम पडत नाहीत. यंदा मात्र आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती ज्यांच्यासमोर द्यावयास हवी, ते विद्यार्थी आणि त्यांचे पालक हेच या पानांचे वाचक असल्यामुळे ती येथेच देतो.

गोष्ट सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची आहे. आमच्या वर्गातून दहावीला उत्तम गुण मिळवून गेलेला एक विद्यार्थी एके सायंकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आला. वडील वारलेले, घरी आई व धाकटी बहीण, जेमतेम दीड एकर कोरडवाहू जमीन. अशा स्थितीत त्याने बारावी कशीबशी पुरी केली होती. दहावीच्या गुणांवर त्याची गावच्या टपालशाखेत शाखा डाकपाल म्हणून निवड झाली होती. हे वृत्त सांगताना त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. आम्ही पुडा हाती घेतला आणि म्हणालो, "अरे, गणितात एवढे गुण मिळवलेस, आणि अखेर ही चार-पाच तासांची नोकरी? संपले म्हणायचे तुझे शिक्षण!"

त्याने काही उत्तर दिले नाही. नमस्कार करून तो निघून गेला आणि पुढे आमच्याकडे फिरकला नाही. आपण कळकळीने बोललो, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती. विद्यार्थ्याविषयीची कळकळ आणि आपल्या विद्यार्थ्याने मोठे होऊन आपल्यास मोठेपणा द्यावा ही हाव, या दोहोंतील भेद त्या वेळी आमच्या ध्यानी आला नाही.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ साली, काही महत्त्वाचे कागद रजिस्टर टपालाने धाडण्यासाठी आम्ही तालुक्याच्या डाकघरात गेलो होतो. खिडकीपलीकडचा मनुष्य पाकीट हाती घेऊन म्हणाला, "सर, १ सप्टेंबरपासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात सामील झाले आहे. हे आता स्पीड पोस्टानेच जाईल." आवाज ओळखीचा वाटला म्हणून आम्ही चष्मा सारखा करून पाहिले. तोच तो! आम्ही थोडे ओशाळून विचारले, "तू येथे कसा?" तो म्हणाला, "आता डाक सहायक आहे, सर. खिडकी बंद झाली की हिशेब मिळवतो, तोवर थांबाल का?"

आम्ही बाकावर थांबलो. त्या दिवशी त्याने जे सांगितले, ते आमच्या वीस वर्षांच्या अध्यापनात आम्हांस कोणी सांगितले नव्हते, आणि खरे म्हणजे आम्हीही कोणास विचारले नव्हते.

ग्रामीण डाकसेवक हा पूर्ण अर्थाने सरकारी नोकर मानला जात नाही. पूर्वी त्यास 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल', म्हणजे खात्याच्या बाहेरचाच, असे म्हणत. काम दिवसाकाठी चार-पाच तासांचे. जुलै २०१८ पासून लागू झालेल्या सुधारणेप्रमाणे शाखा डाकपालास आरंभी दरमहा १२,००० रुपये व महागाई भत्ता मिळू लागला. त्यापूर्वीची रक्कम याहून पुष्कळच कमी होती. शाखेसाठी जागाही त्यानेच पाहावयाची. म्हणून आमच्या विद्यार्थ्याच्या घराची ओटी हेच गावचे पोस्ट झाले होते. तारखेचा शिक्का, वजनाचा काटा, लाखेची कांडी व टपालाची पिशवी एवढा सारा सरंजाम. पण या ओटीवरून वर जाणाऱ्या काही पायऱ्या आहेत. खात्यांतर्गत परीक्षा देऊन डाकसेवकास पोस्टमन होता येते. पोस्टमनला काही वर्षांच्या सेवेनंतर पुन्हा परीक्षा देऊन डाक सहायक होता येते. आणि डाक सहायकास मर्यादित स्पर्धा परीक्षेतून टपाल निरीक्षकाच्या पदापर्यंत पोहोचता येते. या पायऱ्यांची आम्हांस वार्ताही नव्हती. तरीसुद्धा "संपले तुझे शिक्षण" असा निकाल आम्ही देऊन मोकळे झालो होतो!

दिवसाचे चार-पाच तास काम, म्हणजे उरलेला वेळ आपला, असा त्याने हिशेब केला. सकाळी शेत, दुपारी पोस्ट, रात्री पुस्तक. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून त्याने पदवी घेतली. १९८९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ अशाच नोकरी करून शिकू पाहणाऱ्यांचा आधार आहे. पुढे खात्याने खेड्यांतील शाखांना हातात धरून चालवावयाची संगणकयंत्रे दिली, तेव्हा ते यंत्र पहिल्या महिन्यात त्याने इतके उलटसुलट तपासले की शेजारच्या चार गावांचे डाकपाल अडले म्हणजे त्यालाच विचारू लागले.

तरी पहिल्या खेपेस पोस्टमनच्या परीक्षेत तो नापास झाला. "कशात रे?" आम्ही विचारले. तो हसून म्हणाला, "मराठीत, सर!" त्या परीक्षेत स्थानिक भाषेचाही भाग असतो, पत्र व परिच्छेद लिहावयाचा असतो. गणितावर भरवसा ठेवून त्याने भाषेकडे दुर्लक्ष केले होते. मग माळ्यावरच्या ट्रंकेतून त्याने शाळेतील निबंधाची वही काढली. तीत आमच्या तांबड्या शाईच्या खुणा होत्या. त्या एकेक खुणेपाशी थांबून, आपले काय चुकले होते हे शोधीत, त्याने ती सबंध वही पुन्हा लिहून काढली. दुसऱ्या खेपेस तो उत्तीर्ण झाला.

हे ऐकताना आम्हांस काय वाटले ते सांगणे कठीण आहे. ज्या मुलाचे शिक्षण संपले असे आम्ही जाहीर केले होते, तो आमच्याच वहीवर शिकत होता, आणि आम्ही? शिक्षकास बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते व तीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. आमची पाळी आली तेव्हा ते प्रशिक्षण घरबसल्या संगणकावर होते. पडद्यावर पाठ चालू ठेवून आम्ही शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासीत बसलो होतो. प्रमाणपत्र मिळाले, वेतनश्रेणीही मिळाली. त्या पाठांत काय होते, हे मात्र आज आम्हांस सांगता येणार नाही. वर्गात एखाद्या मुलाने असे केले असते, तर आम्ही त्यास बाकावर उभे केले असते.

नोकरी लागणे म्हणजे शिक्षणाचा शेवट, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. पण नोकरीत राहून विद्या वाढविणाऱ्यांची उदाहरणे थोडी नाहीत. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९०७ साली कलकत्त्यास सरकारच्या हिशेबखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. कचेरी सुटल्यावर ते एका विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन काम करीत. हा क्रम सुमारे दहा वर्षे चालला. आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. टपालखात्यातलेच उदाहरण हवे असेल, तर आपल्या पत्त्याच्या शेवटी आपण जे सहा आकडे लिहितो ते पाहा. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातले, टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृत भाषेचे कवी. कचेरीच्या कागदांनी त्यांचे काव्य बुजविले नाही आणि काव्याने कचेरीचे काम अडविले नाही.

शिवाय काम स्वतःच बदलत असते. टपालखात्याचा कायदा १८९८ सालचा होता; त्याच्या जागी २०२३ सालचा नवा कायदा आला व जून २०२४ मध्ये तो अंमलात आला. आमच्या विद्यार्थ्याने पाठ केलेली जुनी कलमे त्याला पुन्हा नव्याने शिकावी लागली. २०२५ च्या ऑगस्टात साऱ्या देशाच्या डाकघरांत नवी संगणकप्रणाली आली. तीही शिकावी लागली. सरकारनेही ही गरज ओळखली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' ही योजना मंजूर केली, आणि जून २०२२ मध्ये टपालखात्याने ग्रामीण डाकसेवकांसह आपल्या सर्व नोकरांसाठी 'डाक कर्मयोगी' हे संगणकावरील शिक्षणाचे दालन उघडले. दालन उघडणे सरकारच्या हाती आहे. आत जाऊन शिकणे की पाठ चालू ठेवून शेजारच्या खोलीत बसणे, हे ज्याचे त्याच्या हाती. दुसरा मार्ग कसा असतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येक डाकसेवक परीक्षा देऊन वर जातो असे नाही. जागा थोड्या असतात, उमेदवार पुष्कळ असतात, आणि कित्येक मेहनती माणसे आयुष्यभर त्याच ओटीवर शिक्का मारीत राहतात. तो त्यांचा दोष नव्हे. म्हातारीचे निवृत्तिवेतन तिच्या हाती वेळेवर व पुरेपूर ठेवणारा मनुष्य कोणत्याही पायरीवर असला, तरी त्याचे काम हलके होत नाही. बढतीची किंमतही द्यावी लागते. पोस्टमन झाल्यावर त्याची नेमणूक गावापासून दूर झाली. बहिणीचे लग्न झालेले, आई घर सोडावयास तयार नाही. दर शनिवारी रात्री तो शेवटची एस. टी. धरून गावी जातो व सोमवारी पहाटे परततो. निरीक्षकाच्या परीक्षेस तो एकदा बसला व अपयशी झाला. पुन्हा बसणार आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण पुढे सरकारी चाकरीत शिराल; कोणी तलाठी व्हाल, कोणी परिचारिका, कोणी पोलीस शिपाई, कोणी कचेरीत लिपिक. ज्या दिवशी रुजू व्हाल, त्याच दिवशी आपल्या खात्याच्या परीक्षा कोणत्या, त्यांस कधी बसता येते व त्यांचे विषय कोणते, हे विचारून लिहून ठेवा. सेवापुस्तकातील आपल्या नोंदी वेळच्यावेळी पाहत जा. शाळेच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी दोनदा विचार करा. आणि पालकहो, मूल पहिल्या नोकरीचा पेढा घेऊन आले, तर "एवढेच का?" असे म्हणू नका. "पुढे काय वाचणार?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने मूल घराबाहेर जाते. दुसऱ्याने ते पुस्तकाकडे वळते.

त्या सायंकाळी निघताना आम्ही त्यास म्हणालो, "त्या दिवशी आम्ही बोललो ते चुकले. तुला वाईट वाटले असेल."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "वाटले होते, सर. दोन वर्षे राग होता. पुढे वही काढली तेव्हा गेला."

दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याच्या गावी गेलो. आता त्या ओटीवर पोस्ट नाही. ते दुसऱ्या डाकपालाच्या घरी गेले आहे. पण भिंतीवर वेळापत्रकाच्या पाटीचे खिळे अजून आहेत. त्याच्या आईने चहा केला. पेढ्यांचा पुडा या खेपेस आम्ही नेला होता. "कशाचे पेढे, सर? परीक्षा तर अजून व्हायची आहे," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "पंधरा वर्षांपूर्वीचे."