खरा आकडा

अल्प्राझोलामची गोळी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो, हे मला फिट येऊन गेल्यावर कळलं. आधी जाणून घ्यायची सोय नव्हती असं नाही. ज्या डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळी दिली त्यांनी 'पंधरा दिवसांपुरती' असं तोंडी सांगितलं होतं, चिठ्ठीवर लिहूनही दिलं होतं. त्या पंधरा दिवसांची मी तीन वर्षं केली.

माझं सोनारकाम. कोल्हापुरात गुजरीत वडिलांच्या वेळेपासूनचं छोटं दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. पाणी उतरलं, घर धुऊन झालं, पण रात्री डोळा लागेना. कुठं खुट्ट झालं की पाणी आलं असं वाटून उठून बसायचो. डॉक्टरांनी अर्धा मिलिग्रॅमची गोळी दिली आणि पहिल्याच रात्री गाढ झोपलो. त्या झोपेचं मोल मी आजही नाकारत नाही. औषध वाईट नव्हतं. पंधरा दिवसांनी परत दाखवायला जायचं होतं, ते मी गेलो नाही.

ही गोळी २०१४ पासून एच-वन यादीत आहे. म्हणजे दुकानदारानं चिठ्ठी बघायची, पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं, मगच गोळी द्यायची. मी जुन्या चिठ्ठीची घडी पाकिटात घेऊन दुकानं बदलत राहिलो. एकानं नाही म्हटलं की दुसऱ्याकडे. कुणी फार विचारलं तर 'आईसाठी नेतोय' म्हणायचो. आई तेव्हा हयात नव्हती.

२०२० मध्ये दुकान बंद, डोक्यावर पुरातलं कर्ज. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. दिवसाला दीड मिलिग्रॅम. सकाळी उठताना छातीत धडधड आणि हात थरथरायचे. मला वाटायचं, माझी भीती वाढत चालली आहे, म्हणून गोळीही वाढवायला हवी. खरं कारण फार नंतर डॉक्टरांनी समजावलं. अल्प्राझोलाम शरीरात थोडाच वेळ टिकते, साधारण अकरा तासांत रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. सकाळची थरथर रात्रीची गोळी उतरल्यामुळे होती. मी जे औषध म्हणून वाढवत होतो, तेच त्रास वाढवत होतं.

मग मी ती चूक केली जिच्यामुळे जिवावर बेतलं. बायकोला शंका येऊ लागली होती, आणि मनातल्या मनात मी या गोळीला व्यसन ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे व्यसन शपथेनं सोडतात. घटस्थापनेला पहाटे अंबाबाईच्या दारात उभं राहून शपथ घेतली आणि त्याच दिवसापासून गोळी पूर्ण बंद केली. कुणालाही न सांगता. पहिल्या माळेची रात्र कशीबशी गेली. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट डोळ्यांत खुपायला लागली, कातडीखाली मुंग्या, घाम. निर्धार कमी पडू द्यायचा नाही म्हणून कामाला बसलो. तिसऱ्या माळेला साजाचं पान डाग देताना, हातात पेटती टॉर्च असतानाच मी कोसळलो. कारागिरानं गॅस बंद केला म्हणून दुकान वाचलं.

मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम उत्तेजना शांत करणं. या जातीच्या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळायला लागली की मेंदू आपल्या बाजूनं प्रतिसाद कमी करतो. मग गोळी एकदम काढून घेतली की शांत करणारं पुरेसं काही उरत नाही आणि सगळी यंत्रणा एकदम उसळते. यात निर्धाराचा काही संबंध नाही. मी शपथ मोडली असती तर कदाचित फिट आली नसती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू होतं का?" मी नाही म्हणालो. दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हणालो. मेंदूचं सीटी स्कॅन झालं, एमआरआय झालं, मिरगीच्या औषधाची गोष्ट निघाली. बायकोनं दुकानात वजनाच्या पेटीखालचा कप्पा उघडला आणि रिकाम्या स्ट्रिपा रुमालात बांधून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. मला एक शब्द बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याबद्दल मी पुढे गोळी सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये पुष्कळ बोललो, तिच्याशी मात्र अजून नीट बोलता आलेलं नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी गोळी पुन्हा सुरू केली. मग हळूहळू अल्प्राझोलामच्या जागी डायझेपाम आणली, कारण ती शरीरात कितीतरी जास्त काळ राहते आणि चढउतार कमी होतात. तिथून पायरीपायरीनं खाली यायचं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशाच लोकांसाठी दवाखाना चालवला होता. आलेल्यांचं ऐकत त्या शिकल्या आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. कमी करण्याचा वेग पेशंटच्या हातात असावा, घाई नसावी, हा त्यांचा आग्रह. हे सगळं डॉक्टरांनी मला सांगितलं आणि म्हणाले, "औषधाचं मी बघतो. पण रात्री तीन वाजता तुमच्याशी बोलायला मी नसणार. एक नंबर देतो."

तो नंबर सिस्टरांचा होता. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. वर्षानुवर्षं नाइट ड्यूटी आणि दिवसा झोप यावी म्हणून नायट्राझेपामची गोळी. ती सोडायला त्यांना दीडएक वर्ष लागलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरच्या सोप्यात चार-सहा माणसं जमायची. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, एक तरुण शिक्षिका, इलेक्ट्रिकचं दुकान असलेले एक गृहस्थ, अधूनमधून आणखी कुणी. नियम थोडे. मध्ये तोंड घालायचं नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. डोस डॉक्टर ठरवणार, इथं कुणी कुणाला गोळी द्यायची नाही. आणि एक वही, जिच्यात तारीख, डोस, झोप किती झाली एवढंच.

मी तिथं शिकवायला गेलो. मिलिग्रॅम मोजणारा काटा माझ्या दुकानात, आयुष्य गुंजा-माशांच्या हिशोबात गेलेलं. गोळी बारीक करायची तर माझ्याइतकं अचूक कोण करणार? डॉक्टर म्हणाले होते, दर दोन-चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कमी करायचं. मी पाटीवर मांडणी केली: डायझेपाम ३० मिलिग्रॅम, त्याचा दहावा भाग तीन, दर पंधरवड्याला तीन कमी, कर्जाच्या हप्त्यासारखं. डॉक्टरांना दाखवलीही नाही, एवढी मला ती सोपी वाटत होती.

कंडक्टरकाकांनी पाटी बराच वेळ बघितली. "तिसाचे सत्तावीस, हा दहावा भाग. बरोबर. खरं सहाचे तीन करशीला तवा? ते निम्मं झालं की भाऊ."

टक्के आहे त्या डोसचे धरायचे असतात, सुरुवातीच्या नव्हे. खाली जाल तशी पायरी लहान होत जायला हवी. आयुष्यभर तिकिटांचा हिशोब ठेवलेल्या माणसाला जे एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नव्हतं, कारण मला लवकर संपवायचं होतं. पाटी पुसली. पुढचं वेळापत्रक डॉक्टरांनी करून दिलं आणि ते वर्षाच्या पलीकडे जात होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो.

तरी सुधारलो नाही. डोस कमी केला की आठवडाभर कानात शिट्टी वाजायची, पाय जळायचे, समोरचं गिऱ्हाईक काचेपलीकडून बोलतंय असं वाटायचं. मग थोडी उघडीप यायची, एखादी सकाळ स्वच्छ, चहाला चव. आणि पुन्हा लाट. अशाच एका लाटेत मी जुन्या अल्प्राझोलामची राहिलेली स्ट्रिप काढली आणि रात्री अर्धी, कधी पूर्ण घ्यायला लागलो. ग्रुपमध्ये मात्र सांगितलं, 'नऊवर आलोय.' वहीत लिहिलं नऊ. झोप सहा तास. खरं तर मी बारावर होतो आणि वर चोरून घेत होतो ती वेगळीच.

सगळ्यांनी कौतुक केलं. त्या शिक्षिकेनंही केलं. माझ्यानंतर थोड्याच दिवसांत आलेली, वयानं माझ्या मुलीएवढी. मला काका म्हणायची. काकांना जमतंय तर मलाही जमायला हवं म्हणून तिनं डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा मोठी पायरी घेतली. दोन गुरुवार आली नाही. शाळेत वर्गात फळ्यासमोर तिला चक्कर आली होती. घरचे म्हणत होते, हे सगळं मनाचे खेळ आहेत, नोकरी सोड. सिस्टर तिच्या घरी जाऊन बसल्या, तिच्या सासूला समजावलं, डॉक्टरांकडे नेऊन डोस पुन्हा थोडा वर करून आणला.

हे ऐकलं त्या संध्याकाळी मी खरं सांगितलं. मला वाटलं होतं, उठून जा म्हणतील. कंडक्टरकाकांनी वही पुढे ओढली. "आज किती घेतलाय? खरा आकडा सांगा." मी सांगितला. त्यांनी लिहिला. दुसऱ्या दिवशी सिस्टर माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या आणि उरलेली स्ट्रिप मी तिथं टेबलावर ठेवली. शिक्षिकेला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काका, तुम्ही बारावर आहात हे ऐकून मला इतकं बरं वाटलं." तिला रागावायचा पूर्ण हक्क होता.

माझं खरं बरं होणं त्या दिवसापासून सुरू झालं. वेग कमी झाला. दिवाळीत आणि लगीनसराईत पायरी घ्यायचीच नाही, आहे तिथं थांबायचं, हे ठरलं. रात्री तीनला कंडक्टरकाका जागे असायचे. पहाटेच्या पहिल्या गाडीची सवय, निवृत्त झाले तरी सुटलेली नाही. मी फोन करायचो आणि म्हणायचो, आता काही खरं नाही. ते विचारायचे, "काल ह्याच टायमाला काय म्हणालासा?" काल मी तेच म्हणालो होतो. मग ते एसटीच्या घाटातल्या गोष्टी सांगायचे, गगनबावड्याची, आंबा घाटाची. झोप यायची असं नाही, पण उजाडायचं. डॉक्टरांचं औषध नसतं तर या गोष्टींनी काही झालं नसतं, आणि या गोष्टी नसत्या तर ते औषध मी पुन्हा चोरून वाढवलं असतं, याची मला खात्री आहे.

डायझेपाम थांबून आता वर्ष उलटलं आहे. कानातली शिट्टी पूर्ण गेलेली नाही. हात स्थिर आहे, साजाची पानं पुन्हा मीच करतो.

शेवटची चूक सांगायची तर ती मी बरा झाल्यावर केली. इलेक्ट्रिकच्या दुकानवाल्यांचा रात्री फोन आला. छातीत आवळल्यासारखं होतंय, डावा हात जड. मी तोवर ग्रुपमधला जुना माणूस झालो होतो, नवे लोक मला विचारायचे. मी म्हणालो, "डोस कमी केल्याचं आहे हे. मलाही असंच व्हायचं. लांब श्वास घ्या, सकाळपर्यंत उतरेल." त्यांनी माझं ऐकलं. पहाटे त्यांची बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, ते वाचले. पण मधले तास गेले ते गेलेच, आणि हृदयाच्या स्नायूसाठी ते तास किती मोलाचे असतात हे मला त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं.

ज्यानं सोसलंय त्यालाच कळतं, असं आम्ही गुरुवारी नेहमी म्हणायचो, आणि ते खरंही आहे. पण त्या वाक्याच्या जोरावर मी प्रत्येक दुखण्याला माझं दुखणं समजायला लागलो होतो. गोळी सोडणाऱ्यालाही हृदय असतं, थायरॉइड असतं, साखर असते. आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: नवं दुखणं आधी डॉक्टरांना, मग आपल्यात.

ते गृहस्थ काही महिन्यांनी परत यायला लागले. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही डॉक्टर नाही हे मलाही ठाऊक होतं. पण त्या रात्री तुमचं खरं मानावंसं वाटलं." यापलीकडे आमचं त्यावर बोलणं झालेलं नाही. गुरुवारी आम्ही शेजारी बसतो, माझा आकडा ते वहीत लिहितात, त्यांचा मी. रात्री काही वाटलं तर ते फोन कंडक्टरकाकांना करतात, मला करत नाहीत.