बुटका ओटा

आमचं घर माळवदाचं. माण तालुक्यात पाऊस कमी, म्हणून इकडची जुनी घरं सगळी अशीच. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. 1986 साली लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा सैपाकघर म्हणजे माजघराच्या पाठीमागची आठ बाय दहाची अंधारी खोली होती. उजेडाला माळवदात एकच सानं. धूर जायचाही तेवढाच रस्ता. पावसाळ्यात सान्यावर पत्रा झाकला की धूर आणि आम्ही दोघी, सासूबाई आणि मी, एकाच खोलीत कोंडले जायचो.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई अंगानं लहानखुरी, पण चुलीपुढं बसली की राणी. चूल त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेली. माती, शेण आणि गव्हाचा भुसा चार-चार दिवस भिजवून, पायानं तुडवून, मग आकार द्यायच्या. बाजूला वैल, मागं भाणवस. भाणवशीवर दुधाचं गाडगं असायचं, ते दिवसभर कोमट राहायचं. डाव्या हाताला जळण, उजव्या हाताला काठवट, पाठीशी पिठाचा डबा, डोक्यावर शिंकं. बसल्या जागेवरून हात लांब केला की हवं ते मिळायचं. दिवा गेला तरी त्यांचं अडत नसे. म्हणायच्या, "माझ्या हाताला समदं गावतंय, अंधारात बी."

1972 च्या दुष्काळात याच जागेवर त्यांनी लाल मिलोच्या भाकरी केल्या होत्या. त्या पिठाला विरी नसायची. थापायला घेतलं की भाकरीच्या चिरफाळ्या व्हायच्या. मग उकळत्या पाण्यात पीठ मळायचं आणि हलक्या हातानं थापायचं. ती गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली होती की मी कधी कंटाळून भाकरी जाड थापली, तर त्यांना नुसतं "मिलो हाय का?" एवढं विचारलं तरी पुरायचं.

आता त्या चुलीचं मी कितीही कौतुक केलं, तरी पंचवीस वर्षं धूर मी खाल्लाय. ओलं जळण फुंकून फुंकून डोळे लाल, डोक्याला धुराचा वास, आणि दिवसातून शंभर वेळा उठ-बस. शहरात राहणाऱ्या पाहुण्या बाया यायच्या, चुलीवरची भाकरी खाऊन "काय चव आहे!" म्हणायच्या आणि दोन दिवसांनी एसटीत बसून जायच्या. जळण गोळा करायला कुणी थांबत नसे. तेव्हा चूल गेली म्हणून रडणाऱ्यांतली मी नाही. मला उभं राहून सैपाक करायचा होता.

2003 साली आमच्याकडं गॅस आला. ओटा नव्हताच, म्हणून शेगडी पाटावर मांडली, चुलीच्या शेजारी. टाकी घेऊन आलेल्या माणसानं ते बघितलं आणि म्हणाला, शेगडी टाकीपेक्षा उंच पाहिजे, खाली ठेवू नका. मग एका लाकडी खोक्यावर शेगडी चढली. त्यावर चहा व्हायचा, रात्री-अपरात्री कुणी आलं तर भात व्हायचा. बाकी सगळा सैपाक खाली बसून, चुलीवर.

2011 साली दोन गोष्टी एकदम आल्या. सैपाकघराची एक तुळई वाळवीनं पोकळ झाली, आणि थोरल्या पोराला सोयरीक आली. मुलीकडचे घर बघायला येणार. पोरगं पुण्यात नोकरीला. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले, चकाचक टाइल्स, सरकणारे ट्रॉलीचे खण. आमच्या ह्यांनी हिशेब मांडला आणि ट्रॉल्या तिथंच गळाल्या. पण सैपाकघर पाडून वर स्लॅब, आत कडप्प्याचा ओटा आणि मोरीच्या जागी नळाचं बेसिन, एवढं ठरलं. अक्षय्य तृतीया झाली की काम सुरू.

पाडायच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी चूल पोतेऱ्यानं सारवली. मी म्हटलं, "आत्याबाई, उद्या फोडायचीच हाय, कशाला?" त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी हळदकुंकू वाहिलं, दुधाचं बोट लावलं आणि स्वतःच पहारीनं चूल उकरून काढली. गड्यांना हात लावू दिला नाही. भाजून लाल झालेली ती ढेकळं त्यांनी कुटली, नव्या मातीत मिसळली आणि अंगणात लिंबाखाली त्याच मातीची चूल घातली. भाजलेली माती घातली की नवी चूल तडकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं होतं मन गुंतलंय म्हणून करतायत. तेही असेल, पण कारण पक्कं होतं.

मग दोन महिने आमचा संसार लिंबाखाली. माणातला मे म्हणजे वारा. दुपारी उठला की पिठात धूळ, आमटीत लिंबाची पानं. आम्ही चुलीला तिन्ही बाजूंनी कडब्याच्या पेंढ्या लावल्या, पण ठिणगीचं भ्या. शेवटी पत्रे उभे केले. भाकरी पहाटेच थापून टाकायच्या, वारा उठायच्या आत, दिवसभराच्या एकदम. दुरडीत फडकं घालून ठेवायच्या. कालवण एकाच भांड्यात होईल असं. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, पिठलं, मटकीची आमटी. गवंड्याच्या माणसांना दिवसातून तीनदा चहा. फोडणीचा डबा कुठल्या पोत्यामागं गेलाय, हे शोधण्यात निम्मा जीव जायचा. ज्या बाईला अंधारात सगळं गावायचं, ती भर उजेडात "मीठ कुटं ठेवलंस गं?" म्हणून विचारायची. ते ऐकून मला कसंतरी व्हायचं.

त्यात उन्हाळा म्हणजे वर्षाची बेगमी करायचे दिवस. कुरडया, सांडगे, वर्षाचा मसाला. मी म्हटलं, यंदा राहू द्या. त्या म्हणाल्या, "घर बांधतोय म्हून वरीसभर काय उपाशी ऱ्हायाचं व्हय?" मसाला झाला. मिरच्या अंगणातच भाजल्या, गवंड्यासकट सगळे खोकून बेजार. कुरडयांचे गहू मात्र भिजले नाहीत. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि पाणीच नव्हतं. विहिरीनं तळ गाठलेला, टँकर दिवसाआड.

खरी ओढाताण पाण्याचीच झाली. सिमेंटला पाणी मारलं नाही तर भिंत कच्ची राहते. स्लॅब पडला तेव्हा मिस्त्रीनं वर मातीचे बांध घालून शेतात करतो तसे वाफे केले आणि सांगितलं, चौदा दिवस हे वाफे वाळता कामा नयेत. खाली माणसाला प्यायला घागर मोजून, आणि वर स्लॅब पाणी पितोय! आम्ही भिंतीला ओली गोणपाटं गुंडाळली. तांदूळ-डाळी धुतल्याचं पाणी, भाजी धुतल्याचं पाणी, सगळं एका बादलीत साठायचं आणि संध्याकाळी गोणपाटांवर जायचं. साबणाचं तेवढं बाजूला, म्हशीच्या खुंट्याकडं. आत्याबाई रोज सांजच्याला स्लॅबकडं बघून म्हणायच्या, "ह्यो माझ्यापरीस जास्त पितोय बया." पण एकही दिवस बादली चुकली नाही.

शेजारपाजारनं फार सांभाळलं. कुणी कोरड्यास आणून द्यायचं, कुणी दह्याचं बुडकुलं. आलेलं भांडं मोकळं परत द्यायचं नाही, ही रीत. त्यामुळं आमच्याकडं भांड्यांची रांग लागायची आणि आत्याबाई प्रत्येक भांड्यात काहीतरी घालून, निदान मूठभर शेंगा घालून परत धाडायच्या. मृगाचा पहिला पाऊस आला तशी लिंबाखालची चूल भिजली. मग पंधरा दिवस गोठ्यात सैपाक. एका बाजूला म्हैस रवंथ करतेय, दुसऱ्या बाजूला आमटीला उकळी येतेय. धाकट्या पोराला त्याची भारी मजा वाटायची.

आणि मग ओट्याची वेळ आली. मिस्त्रीनं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. पावणेतीन फूट. सगळीकडं तेवढाच घालतो म्हणाला. मी जाऊन उभी राहिले, माझ्या कोपराच्या चार बोटं खाली. माझं भागलं. आत्याबाईंना बोलावलं, तर रेघ त्यांच्या छातीला लागली.

मिस्त्री म्हणाला, "आज्जी, तुमाला काय करायचंय आता? सून उभी ऱ्हाऊन सैपाक करंल. तुमी हरी हरी म्हनत बसा."

त्या म्हणाल्या, "बसायचंय खरं. पर कुटं बसू?"

कुणी काही बोललं नाही. कारण ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खाली बसायचं म्हटलं, तर त्यांचे गुडघे गेलेले. बसल्या की उठवायला दोन माणसं लागायची. उभं राहायचं तर दहा मिनिटांत पाय थरथरायचे. जुन्या सैपाकघरात त्या एकदा बसल्या की सैपाक उरकूनच उठायच्या. नव्यात त्यांच्यासाठी पाऊल ठेवायला जागा होती, बूड टेकायला नव्हती. म्हणजे आम्ही सैपाकघर बांधत होतो आणि त्या घरातली एक बाई बाहेर काढत होतो.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आवं मिस्त्री, तुमी कंदी भाकर थापलीया का?"

"न्हाय बा. खातो तेवढी."

"मंग ऐका. भाकर हातानं न्हाय, खांद्यानं थापत्यात. वरनं भार पडाया लागतो. छातीला लागंल तितं काठवट ठिवली तर भाकर सरकनार कशी?"

मिस्त्री हसला, पण रेघेकडं पुन्हा बघायला लागला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खर्चाचा आकडा मनात जुळवत होते, ते तोंडावर दिसत होतं. मग मीच म्हटलं, "मोठा ओटा तीन इंच कमी करा, बत्तीस-तेहतीसच्या आत नको म्हणताय तर तीसवर आणा, मला वाकून चालंल. आणि त्याला लागून कोपऱ्यात दुसरा ओटा घाला, बुटका, दीड फुटाचा. आत्याबाई स्टुलावर बसून काठवट ठेवतील एवढा."

हे म्हणाले, "दोन ओटे? बघणारं हसंल."

"हसू द्या. भाकरी खाऊन हसतील," मी म्हटलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. सगळ्यांच्या देखत ह्यांना उलटून बोलल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

कडप्प्याचा एक तुकडा जास्त लागला. बुटक्या ओट्यावरही एक शेगडी ठेवावी असं माझ्या मनात होतं, पण टाकी त्याहून उंच होत होती, ते धोक्याचं. मग तोडगा निघाला. थापायचं आत्याबाईंनी, भाजायचं मी. त्यांनी थापलेली भाकरी तळहातावर घेऊन वर करायची, मी अलगद तव्यावर टाकायची. पहिल्या दिवशी दोन भाकरी मधेच मोडल्या. आठवड्यात हात बसला.

बेंदराच्या आधी नव्या सैपाकघरात दूध उतू घातलं. पातेलं ठेवायला आत्याबाई तेवढ्यापुरत्या उभ्या राहिल्या. दूध वर आलं, पसरलं, नव्या कडप्प्यावरनं खाली ओघळलं, आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर पदरानं ओटा पुसला. मग स्टुलावर बसून हात लांब केले. डाव्या हाताला पिठाचा डबा, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या, खिडकीतून बाहेर लिंब दिसतोय. "गावतंय," एवढंच म्हणाल्या.

मुलीकडचे आले. कुणी हसलं नाही. मुलीची आई त्या बुटक्या ओट्यापाशी बराच वेळ थांबली आणि माझ्याकडून त्याची उंची विचारून घेतली.

लिंबाखालची चूल आम्ही मोडली नाही. अंघोळीचं पाणी तिच्यावरच तापतं. टाकी वेळेवर आली नाही, पुरणाचा मोठा घाट असला, की सैपाकही तिच्यावर होतो. आराला लावून फुगवलेल्या भाकरीची चव गॅसच्या जाळावर येत नाही, हे खरंच आहे. पण ती चूल आता हौसेची आहे, सक्तीची नाही. आणि धूर वर आभाळात जातो, कुणाच्या डोळ्यांत नाही.

आत्याबाई 2016 साली गेल्या. शेवटच्या आजारपणाचे चार महिने सोडले, तर रोजची भाकरी त्यांच्या हातची होती. आता माझे गुडघे बोलायला लागलेत. सूनबाई सुट्टीला आली की शेगडीपुढं उभी असते, मी स्टुलावर, आणि भाकरी तशीच तळहातावरून वर जाते. पहिल्या वर्षी तिच्याकडूनही दोन-चार मोडल्या.

त्या मिस्त्रीनं नंतर आमच्या वाडीत आणखी बऱ्याच घरांचे ओटे घातले. परवा शेजारच्या घरी काम चाललं होतं म्हणून डोकावले. भिंतीवर रेघ मारायच्या आधी तो घरधन्याला विचारत होता, "घरात म्हातारं मानूस हाय का? असंल तर आधी त्यास्नी हितं आणा."