'ही' आणि 'शी'

रात्रशाळेंत इंग्रजी शिकवावयास लागून मला आतां बरींच वर्षें झालीं. त्या विद्येसंबंधीं मला जें थोडेंबहुत समजलें आहे, तें एका चुकलेल्या वाक्यामुळें समजलें. आणि तें वाक्य ऐकून मी हंसलों होतों, हें कबूल केल्यावांचून पुढें लिहवत नाहीं.

आमची शाळा लालबाग-परळच्या बाजूस, एका दिवसाच्या शाळेच्या इमारतींत भरते. आम्ही पोंचतों तेव्हां बालगोपाळ केव्हांच घरीं गेलेले असतात. भिंतीवर त्यांनीं चिकटविलेलीं फुलपांखरें आणि त्यांच्या मापाचीं बाकें मात्र मागें राहिलेलीं असतात. त्या बाकांत माझे विद्यार्थी गुडघे दुमडून बसतात. कोणी पहारेकरी, कोणी दारोदार जेवणाचीं पुडकीं पोंचविणारा, कोणी चार घरचीं धुणींभांडीं आटोपून आलेली बाई. एके काळीं येथें गिरणीकामगार येत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले, आणि तेही दिसेनासे झाले. पण दिवसां राबून रात्रीं शिकणाऱ्यांची जात कांहीं संपली नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं पुण्यांत आपल्या घरीं शेतकरी-कामकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. आम्ही त्याच दिव्याचें तेल पुरवीत आहों, असें मी मनाशीं म्हणत असतों.

ह्या मंडळींना गणिताचें फारसें भय नसतें. हिशेब त्यांनीं पोटासाठीं केलेला असतो. इंग्रजीचा तास आला, कीं मात्र तोंडें उतरतात. महाराष्ट्रांत सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालें. त्यापूर्वीं शाळेंत गेलेल्यांच्या वाट्याला तें पांचवींत आलें, आणि पुष्कळांच्या बाबतींत सातवींत शाळेबरोबरच सुटलें. पुढें तें साफ विसरलें असतें, तर एक वेळ बरें झालें असतें! पण बँकेच्या कागदावर, औषधाच्या बाटलीवर, मुलाच्या प्रगतिपुस्तकांत तें रोज भेटत राहिलें आणि 'मी तुला येत नाहीं' असें बजावीत राहिलें. लहान मुलाचें अज्ञान उद्यां जाणार, हें सर्वांना मान्य असतें. मोठ्या माणसाच्या अज्ञानाला ही सवलत कोणी देत नाहीं. तो स्वतःही देत नाहीं.

त्या दिवशीं घरच्या माणसांची ओळख करून देण्याचा पाठ चालू होता. एका इमारतींत लिफ्ट चालविणारे, पस्तिशीच्या घरांतले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनीं मोबाइलमधलें एक छायाचित्र पुढें धरलें आणि मोठ्या धीरानें म्हणाले, "ही इज माय वाइफ." वर्गांत खसखस पिकली. मीही हंसलों. ते खालीं बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून येईनासे झाले.

परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली, तेव्हां मी त्यांच्या कामाच्या जागीं गेलों. लिफ्टमध्यें आम्ही दोघेच होतों. त्यांनीं उगाचच वरच्या मजल्याचें बटण दाबलें.

"सर, घरी पोरगं हसतंय. हितं सायबांची पोरं हसत्यात. शाळेत तरी कुणी हसायचं न्हाई, असं वाटलं व्हतं."

मला उत्तर सुचलें नाहीं. मजले मात्र एकामागून एक सरकत होते. शेवटीं मीं एवढेंच म्हटलें, "उद्यां या. माझी एक चूक दुरुस्त करावयाची आहे."

घरीं परततांना तें वाक्य मनांत घोळत राहिलें, आणि हळूहळू ध्यानांत आलें, कीं त्यांतल्या तर्काला नांव ठेवावयास जागाच नव्हती. मराठींत 'ही' म्हणजे बाईच. जन्मभर पत्नीचा उल्लेख 'ही' म्हणून करणाऱ्या माणसानें इंग्रजीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवतांच तिला 'शी' म्हणावें, ही अपेक्षा थोडी निर्दयच नव्हे काय? 'शी' हा उद्गार आपण कशासाठीं राखून ठेवला आहे, तें वाचकांना सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं मीं फळ्यावर दोन भाषांतल्या दोन 'ही' शेजारीं शेजारीं लिहिल्या आणि कालची हकीकत वर्गासमोर मांडली. मग त्यांच्या इतर चुकाही काढल्या. 'आय टी ड्रिंक' असें ते म्हणतात, कारण आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येऊन बसतें. 'अ' आणि 'द' गाळतात, कारण मराठीला त्या उपपदांचें काम कधीं पडलेंच नाहीं. "मग खुर्चीला 'शी' का न्हाई म्हणायचं?" एका बाईंनीं विचारलें. खुर्ची, टेबल, कपाट हीं सारीं इंग्रजींत लिंगावांचून उभीं असतात, हें ऐकून वर्गाला इंग्रजीचीच थोडी कींव आली! पगार, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि फलाट इंग्रजीकडून, हें सांगितल्यावर तर मंडळी सैलावलीं. हे परके शब्द तोंडीं बसवितांना आपल्या पणज्यांना कोणी परीक्षेस बसविलें नव्हतें.

लिफ्टवाले गृहस्थ अगदीं मागच्या बाकावर होते. तास संपल्यावर ते जवळ आले. "म्हणजे सर, चुकत व्हतो तवा आमी मराठी बरोबर बोलत व्हतो?"

"अगदीं बरोबर," मी म्हणालों.

ही गोष्ट येथेंच संपवितां आली असती, तर मला आवडलें असतें. पण त्या वर्षीं ते इंग्रजींत नापास झाले. समजूत पटली म्हणून वीस वर्षांचें अंतर एका हिंवाळ्यांत कापलें जात नाहीं. निकालानंतर ते पुन्हां दिसतील कीं नाहीं, ह्याची मला धास्ती होती. ते आले, पुरवणी परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता. अर्जाबरोबर त्यांनीं मुलाच्या शाळेची वही दाखविली. मुलाच्या आजारपणाबद्दल वर्गशिक्षकांना दोन ओळींची इंग्रजी चिठ्ठी त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहिली होती. दुसऱ्या ओळींत एक शब्द खोडून त्यावर मुलाच्या अक्षरांत दुसरा लिहिलेला होता.

"पोरानं चूक काढली, सर," ते म्हणाले. "पर हसलं न्हाई. मीच हसलो."