पुलाखालचा वजनकाटा

पनवेल म्हणजे रस्त्यांचा मोठा नाका! मुंबईकडून आलेला रस्ता पळस्पे फाट्यावर फुटतो. एक वाट घाट चढून पुण्याला जाते, दुसरी कर्नाळ्याच्या सुळक्याखालून गोव्याला. कळंबोलीला द्रुतगती मार्ग सुरू होतो. शिवाय उरणकडे १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर आणि तिथून येणारी कंटेनरची न संपणारी रांग. मध्ये गाढी आणि काळुंद्रे या नद्या. नद्या आल्या की पूल आलेच.

मुलांनो, इथून बसने जाताना खिडकीतून एक खेळ खेळून बघा. कोणती गाडी जास्त जड? गवताने भरलेला ट्रक हत्तीसारखा डुलत येतो. त्याच्यामागे कळंबोलीच्या लोखंड बाजाराचा लांबडा ट्रेलर. त्यावर काय, तर पोलादी पत्र्याची दोन भेंडोळी! बाकी ट्रेलर रिकामाच. पण एक मीटर लांब, रुंद आणि उंच असा पोलादाचा भरीव ठोकळा भरतो ७,८५० किलो! म्हणजे गवतवाला हरला. आणि बंद कंटेनरमध्ये कापूस आहे की फरशी, हे तर बाहेरून कळतच नाही.

आपले डोळे फसतात. पूल फसत नाही, कारण तो वाकतो. हो, काँक्रीटचा पूलसुद्धा वाकतो. अगदी थोडा, डोळ्यांना न दिसेल इतका. पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर प्लॅस्टिकची पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यावरून खोडरबर सरकवा. कडेला ती जेमतेम वाकेल, मध्यावर सगळ्यात जास्त. दोन टेकूंवरच्या साध्या पुलाचंही तसंच. गाडी पाव अंतरावर असताना मध्यावर जो ताण येतो, तो ती मध्यावर आल्यावर दुप्पट होतो.

हा ताण मोजायला पुलाच्या पोटाला स्ट्रेन गेज नावाची चिमुकली पट्टी चिकटवतात. तिच्यात नागमोडी बारीक तार असते. तार ताणली की विजेला तिच्यातून जाणं किंचित अवघड होतं. तो फरक यंत्र टिपतं. आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पोटातही हीच युक्ती असते, बरं का!

मग पुलाचाच काटा का करू नये? अमेरिकेत फ्रेड मोझेस यांनी १९७९ साली ही कल्पना मांडली. आधी काट्यावर तोललेला ओळखीचा ट्रक पुलावरून न्यायचा. समजा, १० टनांच्या ट्रकने यंत्राचा काटा २० घरं हलला. मग तशाच दुसऱ्या ट्रकने तो ५० घरं हलला, तर वजन किती? पंचवीस टन, सोपं आहे!

खरी गंमत पुढे आहे. ट्रकला दोन, तीन, पाच आस असतात आणि ताण मात्र सगळ्यांचा मिळून येतो. ‘बेरीज तीस, तर संख्या कोणत्या?’ असं विचारल्यासारखंच हे. पण पुढची चाकं आधी पुलावर येतात, मागची नंतर. दर क्षणाला नवी बेरीज मिळते. पुरेशा बेरजा जमल्या की संगणक प्रत्येक आसाचा भार वेगळा काढतो. तरी ट्रक स्प्रिंगवर उसळतो, त्यात शेजारून दुसरा ट्रक आला की गणित चांगलंच गुंततं.

एवढा खटाटोप कशाला? रस्त्यावर काटा लावून तपासणी सुरू झाली, की जादा माल भरलेला ट्रक सरळ दुसरी वाट धरतो. पुलाखालची पट्टी कुणाला दिसत नाही, म्हणून खरा भार कळतो. तो कळायलाच हवा. २०१८ साली सरकारने दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. नियम कागदावर बदलला, पूल मात्र तेच राहिले! घाबरू नका, पुलाच्या आराखड्यात ७० टनांचं, रणगाड्यासारखं पट्ट्यांवर चालणारं वाहनही धरतात. पण एकदा पेललं म्हणजे रोज, वर्षानुवर्षं पेलेलच असं नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. म्हणून रोज किती जड गाड्या जातात, हा हिशेब इंजिनिअरला लागतो.

आणि हो, उन्हाने पूल तापला की तोही थोडा प्रसरण पावतो आणि काट्याची घरं चुकू लागतात. मग तो ओळखीचा ट्रक पुन्हा बोलवायचा, पुन्हा तोलायचा आणि पुलावरून न्यायचा.